आयटीतल्या माणसाने युनियनमध्ये का यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण दिवसा आयटी कंपन्यांत काम करतो आणि उरलेल्या वेळात कर्मचारी संघटनेचं. मेल, व्हॉट्सॲप आणि रात्री साडेअकराचे फोन यांतून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. उत्तरं भारतातल्या कायद्यानुसार आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत सामावले गेले, त्यामुळे इंटरनेटवरची बरीच जुनी माहिती आता शिळी झाली आहे. तुम्हाला कुणी आजच राजीनामा द्यायला सांगितलं असेल, तर थेट प्रश्न ५ वर जा. बाकीचं नंतर वाचा.

१. आयटी कंपनीत युनियन करणं कायदेशीर आहे का? आमचे एचआर म्हणतात, आयटीला हे कायदे लागूच नाहीत.

कायदेशीर आहे. संघटना करण्याचा अधिकार संविधानाच्या कलम १९(१)(ग) मध्येच दिलेला आहे आणि त्यात 'आयटी सोडून' असं कुठे लिहिलेलं नाही. तमिळनाडू सरकारने २०१६ मध्ये आयटी कर्मचारी संघटना करू शकतात हे स्पष्ट केलं. कर्नाटकात आयटी कर्मचाऱ्यांची संघटना २०१७ मध्ये नोंदली गेली. पुण्यातही आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना काम करत आहेत.

'लागू नाही' या गैरसमजाला थोडा आधार आहे, तो असा. कर्नाटक सरकार आयटी उद्योगाला स्थायी आदेशांच्या, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्सच्या (कंपनीतल्या सेवाशर्तींच्या लेखी नियमांच्या), कायद्यातून वर्षानुवर्षं सूट देत आलं. पण ती सूट एका कायद्यापुरती होती आणि तिलाही अटी होत्या: तक्रार निवारण समिती हवी, लैंगिक छळाविरुद्धची समिती हवी, कुणाला काढलं तर कामगार खात्याला कळवायला हवं. त्या एका सवलतीची 'आयटीला कामगार कायदेच नाहीत' अशी दंतकथा झाली. एचआरच्या इंडक्शनमध्ये ती अजून सांगतात.

२. पण आम्ही 'कामगार' कुठे आहोत? आम्ही तर इंजिनिअर.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्यात कायद्यापेक्षा मानाचा मुद्दा मोठा असतो. 'कामगार' म्हटलं की डोळ्यांपुढे निळा डगला येतो, गळ्यात लटकणारं आयडी कार्ड येत नाही.

कायदा डगला बघत नाही, काम बघतो. मजुरीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचं यांपैकी कुठलंही काम मोबदला घेऊन करणारा माणूस व्याख्येत बसतो. कोड लिहिणं, टेस्टिंग, सर्व्हर सांभाळणं, सपोर्टची तिकिटं सोडवणं ही तांत्रिक कामं आहेत. व्याख्येतून बाहेर राहतात ते मुख्यत्वे व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे, आणि देखरेखीचं काम करून महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे. ही पगाराची मर्यादा फक्त देखरेख करणाऱ्यांना आहे. तांत्रिक काम करणाऱ्याला ती नाही, मग पगार दीड लाख असला तरी. 'तुझं पॅकेज बघ, तू कसला कामगार' हे ऐकलं असेल तर एवढं लक्षात ठेवा.

पदाचं नावही निर्णायक नसतं. न्यायालयं बघतात ती माणसाची मुख्य कामं. २०१५ साली काढलेल्या एका आयटी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात कंपनीचं म्हणणं होतं की तो व्यवस्थापक आहे. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये तो कामगारच आहे असं ठरवून त्याला परत घ्यायला सांगितलं. सात वर्षं लागली, हेही खरं. ती लपवून 'न्याय मिळतो' असं सांगत सुटणं आम्हाला पटत नाही.

३. मी टीम लीड आहे, हाताखाली सहा जण आहेत. माझं काय?

सभासद होण्यापुरतं बोलायचं तर संहितेतल्या कामगार संघटनांच्या भागात 'कामगार'ची व्याख्या जास्त मोकळी आहे: उद्योगात नोकरी करणारे सगळे. बहुतेक संघटना लीडला घेतात.

अडचण येते ती खटल्याच्या वेळी. तेव्हा विचारतील: रजा मंजूर कोण करतं? रेटिंग शेवटी कोण ठरवतं? कुणाला काढण्याचा अधिकार तुम्हाला आहे का? बहुतेक लीड दिवसातले सहा तास स्वतःच कोड लिहीत असतात आणि रजेच्या अर्जावर त्यांची फक्त 'शिफारस' असते. तसं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तुम्ही खरोखरच डिलिव्हरी मॅनेजर असाल, बजेट आणि माणसं दोन्ही तुमच्या सहीने हलत असतील, तर छाटणीच्या भरपाईचे नियम तुम्हाला मिळणं अवघड आहे. तुमच्या हातात नोकरीचा करार आणि दिवाणी न्यायालय उरतं.

अधिकाऱ्यांची संघटना म्हणजे काहीतरी भलतंच, असं वाटत असेल तर बँकेतल्या ओळखीच्या कुणाला विचारा. बँक अधिकाऱ्यांच्या संघटना बँकांच्या संघाशी वेतनाचे करार करत आल्या आहेत. ८ मार्च २०२४ ला झालेल्या करारात १७ टक्के वाढ ठरली. त्या अधिकाऱ्यांना कुणी गिरणी कामगार म्हणत नाही.

४. सरळ सांगा, सभासद होऊन मला मिळणार काय?

पगारवाढ लगेच मिळणार नाही. तसं सांगणाऱ्यापासून लांब राहा (का, ते प्रश्न ११ मध्ये).

मिळतो तो मुख्यतः एक माणूस, ज्याने तुमच्यासारखी चाळीस प्रकरणं आधी पाहिली आहेत. आयटीत पगार बरा असतो, पण प्रत्येक जण कंपनीसमोर एकटा असतो. तुमचं रेटिंग गुप्त, पगार गुप्त, पीआयपी (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेली मुदत) गुप्त. शेजारच्या क्युबिकलमधल्यालाही त्याच आठवड्यात तोच मेल आलाय हे तुम्हाला कळत नाही. दोघांनाही वाटतं, आपणच कमी पडलो. संघटनेत ती दोन प्रकरणं एकाच टेबलावर येतात आणि मग दिसतं की एकाच प्रोजेक्टमधल्या सगळ्यांना एकाच महिन्यात 'कामगिरी कमी' ठरवलं गेलंय. ती कामगिरी नसते, छाटणी असते.

त्याच्या पुढे येतात रोजची कामं. कामगार आयुक्तांकडे तक्रार लिहून देणं, समेटाच्या बैठकीला सोबत बसणं, अडवून ठेवलेलं रिलीव्हिंग लेटर सोडवणं, थकलेला शेवटचा हिशेब मागणं. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, 'पंचेचाळीस दिवसांची आमची पॉलिसी आहे' हे उत्तर चालत नाही. अशी पत्रं एकट्याने लिहिली तर एचआरचं स्वयंचलित उत्तर येतं. संघटनेच्या लेटरहेडवर गेली की माणूस उत्तर देतो. हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

५. मीटिंग रूममध्ये बोलावून सांगितलं, 'आजच राजीनामा टाका, नाहीतर टर्मिनेट करू आणि तसं लेटरवर लिहू.' काय करू?

तिथल्या तिथे सही करू नका. 'विचार करून लेखी कळवतो' एवढंच म्हणा आणि बाहेर या. ते घाई करतात, कारण घाईत त्यांचा फायदा असतो.

कारण समजून घ्या. कंपनीने कमी केलं तर त्याला कायद्यात छाटणी म्हणतात, आणि छाटणीला नोटीस, भरपाई आणि कारण लागतं. तुम्ही पेपर टाकलात तर ते 'स्वेच्छेने' झालं. भरपाई नाही, सरकारला कळवणं नाही, वर्तमानपत्रात बातमीही नाही. तुमच्या एका क्लिकने कंपनीची सगळी जबाबदारी तुमच्या नावावर जमा होते.

बाहेर आल्यावर त्याच दिवशी एचआरला मेल लिहा. साधा, रागाविना: आज अमुक वाजता अमुक दोघांनी मला बोलावलं, राजीनामा द्यायला सांगितलं, मी राजीनामा देऊ इच्छित नाही आणि काम करायला तयार आहे. प्रत आपल्या खासगी पत्त्यावर ठेवा. बैठकीत कोण होतं, काय म्हणालं, हे वहीत लिहून तारीख टाका. लॅपटॉप काढून घेतला, ॲक्सेस बंद केला, तर तेही मेलने कळवा. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जा. गेटवर अडवलं तर गेटवरूनच मेल करा. 'कामावर आलाच नाहीत' असं नंतर म्हणता येऊ नये, यासाठी.

एक चूक हमखास होते. घाबरून लोक सगळा मेलबॉक्स, कोड, क्लायंटची कागदपत्रं खासगी ड्राइव्हवर ओततात. हे अजिबात करू नका. आजवर कंपनीकडे तुम्हाला काढायला कारण नव्हतं, ते तुम्ही स्वतःच्या हाताने देता. घ्यायचं ते तुमचं स्वतःचं: नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, वाढीची पत्रं, पीआयपीचे मेल. ही कागदपत्रं शांत दिवसांतच घरी आणून ठेवावीत. हे वाचताय आणि नोकरी ठीक चालली आहे, तर आज संध्याकाळी ठेवा.

'टर्मिनेट लिहू' या धमकीला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमुळे. भीती खोटी नाही. पण चौकशी न करता, कारण न देता कलंक लावणारं पत्र देणं कंपनीलाही धोक्याचं असतं, आणि हे त्यांच्या वकिलाला माहीत असतं. म्हणून तर त्यांना तुमचा राजीनामा हवा असतो. राजीनामा देऊन बसला असाल तर प्रश्न १७ पाहा.

६. छाटणी झाली तर भरपाई किती मिळते?

किमान एक वर्ष सलग सेवा असलेल्या कामगाराला: एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. नव्या संहितेने त्यात पुनर्कौशल्य निधीची भर घातली. मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आणि ती छाटणीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी.

हिशेब करून पाहू. कायद्याच्या व्याख्येत बसणारं तुमचं वेतन महिना ६०,००० आहे आणि सहा वर्षं पूर्ण झाली आहेत. भरपाई ३०,००० गुणिले सहा, म्हणजे १,८०,०००. नोटिशीचे ६०,०००. निधीतून ३०,०००. ग्रॅच्युइटी १५ भागिले २६ च्या सूत्राने सुमारे २,०७,७००. एकूण पावणेपाच लाखांच्या वर. राजीनामा दिलात तर यातली ग्रॅच्युइटी तेवढी नक्की राहते. प्रश्न ५ मधली घाई कशाची असते, ते या आकड्यांतून कळेल.

दोन गोष्टी आणखी. त्याच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो, हा सर्वसाधारण नियम. तो मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची नाही: सरकारची आगाऊ परवानगी घेऊनच छाटणी, हा नियम कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरता आहे. आयटी कंपनीला ती परवानगी लागत नाही. सोशल मीडियावर फिरणारा '३०० जणांचा नियम' (३०० किंवा जास्त कामगार असतील तर परवानगी हवी) आपल्याला वाचवत नाही.

७. वर्गणी किती? पैसा जातो कुठे?

प्रत्येक संघटनेची वेगळी. १९२६ च्या कायद्यात शहरी संघटित कामगारासाठी किमान वर्गणी वर्षाला १२ रुपये होती. आज एवढ्यात चहाही येत नाही. भरण्याआधी पावती मागा, नोंदणी क्रमांक मागा. हिशेबाच्या वह्या बघण्याचा सभासदाला हक्क असतो, तो वापरा. जी संघटना वही दाखवायला कुरकुरते, तिची वर्गणी भरू नये. राजकीय कामासाठीचा निधी वेगळा ठेवावा लागतो आणि त्यात पैसे देण्याची कुणावर सक्ती करता येत नाही.

८. मी सभासद झालो हे कंपनीला कळेल का?

तुम्ही सांगितल्याशिवाय सहसा नाही. सभासदांची यादी भिंतीवर लावत नाहीत. नोंदणीच्या अर्जावर सही करणारे आणि पदाधिकारी यांची नावं मात्र कागदावर येतात, आणि तुमच्या नावाने तक्रार गेली की अर्थातच कळतं. संघटना वाटाघाटीचा हक्क मागायला गेली की सभासदसंख्या तपासली जाते (प्रश्न ११).

जास्त गळती होते ती आपल्याकडूनच. कंपनीच्या मेलवरून फॉर्म भरू नका, कंपनीच्या टीम्सवर ग्रुप काढू नका, कंपनीच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडून ही चर्चा करू नका.

९. सभासद झालो म्हणून काढलं तर?

संघटनेत गेल्याबद्दल काढणं, काढण्याची धमकी देणं, बदली करणं, बढती अडवणं या सगळ्याला कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हणतात. नव्या संहितेत त्यासाठी १०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळ आहे, मान्य. काढणंच बेकायदा ठरलं तर परत घेण्याचा आणि मागच्या पगाराचा आदेश होऊ शकतो, तो मात्र किरकोळ नसतो.

व्यवहारात कुणी 'युनियनमुळे काढतोय' असं लिहून देत नाही. रेटिंग पडतं, पीआयपी येतो. म्हणून तारखा महत्त्वाच्या. चार वर्षं चांगलं रेटिंग आणि पदाधिकारी झाल्यावर दोन महिन्यांत पीआयपी, हे कागदावर शेजारी शेजारी ठेवलं की वेगळं काही सांगावं लागत नाही.

१०. युनियन म्हणजे संप. आमच्या घरी १९८२ अजून आठवतंय.

हा प्रश्न लिहिणाऱ्या मुलीचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. मराठी घरांत 'युनियनच्या नादी लागू नको' हे वाक्य तिथून आलंय. ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही.

पण त्याच गिरणगावातली आणखी एक तारीख आहे: १० जून १८९०. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या प्रयत्नांनंतर त्या दिवशी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मंजूर झाली. अनेक वर्षं मागणी, सभा, अर्ज. आपण रविवारी प्रॉडक्शन डिप्लॉयमेंटला बसतो तेव्हा ती थोडी थोडी परत देत असतो.

प्रश्नाचं उत्तर: सभासद झाल्याने संप करावाच लागतो असं नाही. आयटी संघटनांचं बहुतेक काम तक्रारी, समेट आणि न्यायालयात चालतं. संप करायचा तर लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस दिल्यापासून १४ दिवसांत संप करता येत नाही, आणि समेटाची कार्यवाही चालू असताना व संपल्यावर ७ दिवसही नाही. एक सापळा लक्षात ठेवा: निम्म्या किंवा जास्त जणांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. चिडून 'सगळे उद्या सिक लिव्ह टाकूया' असा मेसेज टाकण्याआधी विचारा.

११. मग संघटना कंपनीशी पगाराचा करार का करत नाही?

कारण नोंदणी वेगळी आणि वाटाघाटीचा हक्क वेगळा. नोंदणीसाठी आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यांतला कमी आकडा पुरतो, किमान सात. पण एकाहून जास्त संघटना असताना कंपनीला चर्चेला बसवायचं तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. १९७१ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात रुळलेल्या 'मान्यताप्राप्त युनियन'ला ३० टक्के पुरत होते. एकाहून जास्त संघटना आहेत आणि कुणाकडेच ५१ टक्के नाहीत, अशा वेळी किमान २० टक्के असलेल्यांची वाटाघाट परिषद बनते.

हजारोंच्या कंपनीत, जिथे माणसं दर दोन वर्षांनी बदलतात, ५१ टक्के जमवणं फार कठीण. अशक्य नाही. अमेरिकेत किकस्टार्टरच्या कर्मचाऱ्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये ४६ विरुद्ध ३७ मतांनी युनियन जिंकली. बघा, कंपनी लहान होती. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्समध्ये दशकानुदशकं युनियन नको हेच धोरण होतं, तिथे जून २०२४ मध्ये पहिला संप झाला. आमचा अंदाज असा की भारतातही पहिला करार प्रचंड कंपनीत होणार नाही, तीनशे-चारशेंच्या प्रॉडक्ट कंपनीत होईल.

१२. सगळ्यांना सारखा पगार, सिनिऑरिटीने बढती. मग चांगलं काम करणाऱ्याचं काय?

करारात काय लिहायचं ते सभासद ठरवतात. किमान पगार, वाढीचा किमान दर, ऑन-कॉलचा मोबदला एवढंच ठरवून वरचं मोकळं सोडता येतं. स्वीडनमध्ये युनियोनेन ही पांढरपेशांची संघटना सहा लाखांहून जास्त सभासदांची आहे, आणि तिथे वैयक्तिक वाढीवरही बोलणं होतं.

तसं पाहिलं तर आजचा बेल कर्व्ह तरी गुणवत्ता कुठे मोजतो? दहा जणांची टीम उत्तम असली तरी एकाला खालचं रेटिंग द्यावंच लागतं, आणि ते बहुतेक वेळा बाळंतपणाच्या रजेवरून आलेलीला किंवा बेंचवरच्याला (हातात प्रोजेक्ट नसलेल्याला) मिळतं.

१३. कंपनीत तक्रार निवारण समिती आहे. मग बाहेरची संघटना कशाला?

समिती वापरा. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे ती असायलाच हवी, दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य, आणि ३० दिवसांत निर्णय. पण 'कामगारांचे प्रतिनिधी' कुणी नेमले हे तपासा. एचआरनेच नेमले असतील तर उत्तर तुम्हाला मिळालं. समितीच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तेही संघटनेमार्फत.

१४. एआयमुळे आमची अर्धी टीम जाणार म्हणतात. संघटना काय करू शकते?

यंत्र थांबवू शकत नाही. पण एक जुनी तरतूद इथे कामाची आहे. सेवाशर्तींत ठरावीक प्रकारचे बदल करायचे तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि त्या यादीत 'छाटणी होऊ शकेल अशी तंत्रातली सुधारणा किंवा सुसूत्रीकरण' आहे. ही भाषा कितीतरी दशकांपूर्वी लिहिली गेली होती. वाचली तर वाटतं कालच लिहिलीय. टाउनहॉलमध्ये 'एआय ट्रान्स्फॉर्मेशन' जाहीर झालं की संघटनेने लेखी विचारावं: नोटीस कुठे आहे? एकट्याने विचारलेलं प्रश्नोत्तरांच्या खिडकीतून गायब होतं.

१५. फ्रेशर आहे. ऑफर लेटर मिळून वर्ष झालं, जॉइनिंगची तारीख नाही. शिवाय बॉण्ड आहे. मला संघटना घेईल का?

मदत बहुतेक संघटना करतात. कायद्याने तुम्ही अजून कामगार नाही, म्हणून छाटणीचे नियम लागत नाहीत. ताकद संख्येत आहे: एकाच कॉलेजातल्या, एकाच बॅचच्या सगळ्यांची ऑफर लेटरं आणि पुढे ढकलल्याचे मेल एकत्र करून कामगार खात्याकडे निवेदन गेलं की कंपन्यांना बातमीची भीती वाटते. तोवर दुसरी नोकरी शोधत राहा, वाट बघण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

बॉण्डबद्दल लोक दोन टोकांची उत्तरं देतात. 'बॉण्डला किंमत नसते' हे चूक. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका बँकेचा तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये, हा बॉण्ड वैध ठरवला. 'बॉण्डमुळे नोकरी सोडताच येत नाही' हेही चूक. प्रश्न रकमेच्या वाजवीपणाचा असतो. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवली असतील तर वाट बघू नका, लगेच लिहा. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही ही अट वेगळी, ती करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. कंपनीची गुपितं नेणं मात्र कुठेच चालत नाही.

१६. मी दुसऱ्या एजन्सीच्या पेरोलवर आहे, काम क्लायंटच्या ऑफिसात. किंवा: मी पुण्याच्या कंपनीत, पण घरून, दुसऱ्या राज्यातून. किंवा: मी ऑनसाइट आहे.

एजन्सीच्या पेरोलवर असाल तर कायद्याने मालक एजन्सी. क्लायंट कंपनी मुख्य नियोक्ता, आणि कंत्राटी कामगाराचं वेतन थकलं तर जबाबदारी तिच्यापर्यंत येते. तक्रारीत दोघांचीही नावं घाला. घरून काम करत असाल तर नियुक्तीपत्रावर कामाचं ठिकाण काय आहे ते पाहा. 'बदली कुठेही होऊ शकते' हे कलम सगळ्यांच्याच पत्रात असतं, त्याने घाबरू नका. परदेशात असाल तर तिथल्या नोकरीला तिथला कायदा. तिथल्या संघटनेचं सभासदत्व घ्या, इथलंही ठेवा. व्हिसा कंपनीच्या हातात असेल तर कुठलंही पत्र पाठवण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा.

१७. मी घाबरून राजीनामा देऊन टाकला. आता काही होऊ शकतं का? मी तेव्हा सभासदही नव्हतो.

किती दिवस झाले यावर आहे. राजीनामा पुढच्या तारखेपासून लागू होणार असेल, म्हणजे तुम्ही नोटीस पिरियडमध्ये असाल, तर तो लागू होण्याआधी सहसा मागे घेता येतो. आजच लेखी मागे घ्या, आणि तो दबावाखाली दिला होता हे कुणी, कधी, कुठे यासह लिहा. कंपनीने स्वीकारून मोकळं केलं असेल तर काम अवघड होतं, संपत नाही: दबाव होता हे दाखवावं लागतं, आणि त्याच दिवशी पाठवलेला साधा मेल किंवा मित्राला केलेला मेसेजसुद्धा तिथे उपयोगी पडतो. तो पुसू नका.

काढून टाकल्याचा वाद एकटा कामगारही नेऊ शकतो, त्याला संघटना लागतेच असं नाही. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात तीन होती, त्यामुळे एखाद्या जुन्या लेखावर विसंबून बसू नका. सभासद नंतर झालात तरी आम्ही कागद बघतो. येताना नियुक्तीपत्र, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि राजीनाम्याचा मेल घेऊन या. बाकीचं बसून बोलू.